ओळीतला पहिला शब्द

यंदाच्या वर्षावासात विहारातल्या बाया माझ्या सासूबाईंसोबत ग्रंथ म्हणायला लागल्या, याचा आमच्या घरी सगळ्यांनाच आनंद झाला होता.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या मेडशीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. आधी वंदना, मग वाचन. वाचायचं काम आईंचं. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांचं नाव भागिरथा. अंगणवाडीत लेकरांना गोष्टी सांगून सांगून त्यांचा आवाज असा झालाय की त्यांनी नुसती खताच्या पोत्यावरची सूचना वाचली तरी ऐकणारा मांडी घालून बसेल. यंदा मी मात्र घरीच होते. आमचा संघपाल पाच महिन्यांचा, आणि त्याला विहारात नेलं की तो वंदनेच्या वरचा सूर लावतो. त्यामुळे तिथली खबर मला आईंकडूनच कळायची.

"पल्लवी, यंदा बाया लय मन लावून राह्यल्या वं," दारात पाय धुता धुता त्या सांगायच्या. "मी जराशी थांबली का पुढचा शब्द त्याच म्हणतात. रामीबाईले तं आख्खा ग्रंथ पाठ हाय."

"मंग तुह्यं काय काम तिथी?" बाबा, म्हणजे माझे सासरे पंजाबराव, खाटेवरून विचारायचे. "रामीबाईलेच बसवा ना समोर."

"तिले वाचता येते का? अन् तुमाले इचारलं कोणी?"

"मले या घरात कोणी काही इचारतच नाई," बाबा म्हणायचे आणि कूस बदलायचे. विनोद, माझा नवरा, महावितरणात लाइनमन आहे. तो खांबावरून उतरून थकून आलेला असला तरी या दोघांचं ऐकायला ओट्यावर थांबायचा. आईंच्या तोंडावर तेव्हा जे तेज असायचं ते मला अजून दिसतं. त्यांना वाटत होतं, इतक्या वर्षांच्या वाचनाचं हे फळ आहे.

आता मागचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आईंच्या डोक्यातली गाठ या घरात पहिल्यांदा मला दिसली होती, पण मला ती सासुरवास वाटली. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नवी नवरी. ताट वाढलं की आई म्हणायच्या, "भाजी नाई वाढली वं?" भाजी ताटातच असायची, डाव्या बाजूला. मी गुमान पुन्हा वाढायची. दुसऱ्या दिवशी, "भाकर एवढीच?" दुसरी भाकर डावीकडे तशीच. कामरगावला माझ्या आईला फोन करून मी रडले, की सासू समोर बसून डोळ्यादेखत खोटं बोलते. माझी आई म्हणाली, होते नव्यानं, सोस. मग एक दिवस माझं डोकं फिरलं. मी त्यांचं ताट धरलं आणि सरळ उलटं फिरवलं. म्हटलं, "ही काय भाजी नाही का?"

आईंनी भाजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. "आत्ता वाढली काय?" त्या म्हणाल्या. "पाह्य वं माय, कवा वाढली, समजलंच नाई."

त्यानंतर आठवड्याभरात आम्ही नागपूरला होतो. उजव्या बाजूला, डोक्याच्या मागच्या अंगाला, मेंदूच्या आवरणाची गाठ. कॅन्सर नव्हे, पण अगदी साधीही नव्हे. तिच्या दाबानं आईंचं डाव्या बाजूकडे ध्यानच जात नव्हतं. डोळे चांगले, नजर चांगली, फक्त मनाच्या लेखी जगाला डावी बाजू नाही. आणि हे त्यांचं त्यांना कळण्याची सोयही नाही. गाठ काढली, मग विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, दिले. "ही जात परत उगवू शकते," डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या. "दर वर्षी तपासणी चुकवायची नाही." दर दिवाळीनंतर आम्ही जायचो, एमआरआय साफ निघायचा, येताना आई संत्री घ्यायच्या.

आई बऱ्या झाल्या, पण घराला लागलेल्या सवयी तशाच राहिल्या. त्यांचा पाण्याचा पेला उजवीकडे. चष्मा उजवीकडे. आणि जेवण निम्मं झालं की माझा हात आपोआप जायचा आणि ताट फिरवायचा. गरज संपली होती तरी. लेकराला थोपटतो तसं ते होतं. का करतो हे कोणी विचारत नाही.

म्हणूनच यंदा घरात काहीच दिसलं नाही.

श्रावण पौर्णिमेला आई अडूनच बसल्या. "आज तं तू येच. पोट्ट्याले घेऊन ये. रडला तं रडला. तो बी उपासकच हाय." मी पांढरी साडी नेसले, संघूला पांढरं झबलं घातलं आणि गेले. तो वाटेतच खांद्यावर झोपला. मी मागच्या भिंतीला टेकून बसले. वंदना झाली. आईंनी ग्रंथ उघडला, चष्मा लावला, वाचायला लागल्या.

दोन-तीन ओळी झाल्या आणि त्या थांबल्या. पुढच्या रांगेतून रामीबाईनं हळूच एक शब्द म्हटला, तिच्यामागून आणखी दोघी-तिघींनी. आईंनी तो शब्द उचलला आणि पुढे वाचत गेल्या. पुन्हा थांबल्या. पुन्हा बायांनी शब्द दिला. असं चाललेलं. कानाला इतकं गोड, जणू जात्यावर एकीनं म्हणावं आणि दुसरीनं पुढे न्यावं. मी संघूच्या पाठीवर हात फिरवत डोळे मिटून ऐकत होते. मनात म्हटलं, आई खरंच सांगत होत्या.

मग डोळे उघडले आणि माझं लक्ष आईंच्या बोटाकडे गेलं.

त्या बोट ठेवून वाचतात. बोट ओळ संपवून खालच्या ओळीवर यायचं, पण डाव्या कडेपर्यंत जायचंच नाही. एक-दोन शब्द आतच टेकायचं आणि तिथून वाचन सुरू. मग अर्थ लागायचा नाही, म्हणून त्या थांबायच्या. बाया शब्द देत होत्या तो पुढचा नव्हता. तो आईंच्या बोटाच्या डावीकडे राहून गेलेला शब्द होता.

संघू जागा झाला नाही, पण मीच त्याला घट्ट धरलं म्हणून कुरकुरला.

वाचन संपल्यावर चपला घालता घालता मी रामीबाईला बाजूला घेतलं. रामीबाई आमच्या शेजारची, आईंपेक्षा मोठी, तोंडानं फटकळ.

"मावशी, आईंना शब्द कधीपासून द्यावा लागतो?"

"अवं, सुरुवातीपासूनच म्हण ना. आखाडापासून." ती हसली. "थकली असंल, म्हटलं. अंगणवाडीचं काम, घरी नातू. मधातलेच शब्द खाऊन राह्यली. आमी बायांनी ठरवलं, तिले काही म्हणाचं नाई. तिले वाईट वाटंल. आपुनच भरून काढू."

"मले एका शब्दानं सांगतलं असतं तं?" माझ्या तोंडून आमचं घरचं बोलणं निघालं, तेही रडवेलं.

रामीबाईचं हसू गेलं. "काहून? काय झालं?" मग तिला आपोआप कळलं. चार वर्षांपूर्वी नागपूरला डबा घेऊन आलेली तीच होती. तिनं तोंडावर पदर धरला. "अगं माय. ते पुन्ना आलं काय वं?"

"माहीत नाही. अजून कोणाला म्हणू नका."

घरी येऊन विनोदला सांगितलं. तो म्हणाला, "आईले कसं सांगाचं? तिले तं दिसतच नाई आपलं काही चुकून राह्यलं म्हणून." खरं होतं. पहिल्या वेळी आईंनी डॉक्टरांशी भांडण केलं होतं. सांगून पटणारी गोष्टच नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी आई ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मोठी परात मांडीवर, बोटं भराभर चाललेली, संघू बाजूला चादरीवर पाय झाडतोय आणि त्या त्याला अंगणवाडीचं गाणं म्हणताहेत. मी समोर बसले. उजवीकडची डाळ स्वच्छ, एक खडा नाही. डावीकडे खडे, काड्या, फोलपटं, सगळं जिथल्या तिथे.

"झाली निवडून," आई म्हणाल्या. "घे, धुऊन टाक."

मी परात धरली. ताट फिरवायचे तशीच, हळूच अर्धी फिरवली.

आई डाळीकडे पाहत राहिल्या. गाणं मध्येच थांबलं. त्यांनी एक खडा उचलला, बोटांत धरला, मग दुसरा. त्यांच्या चेहऱ्यावर ते चार वर्षांपूर्वीचं भाबडं नवल आलं, पण या वेळी त्या "आत्ता आले काय" असं म्हणाल्या नाहीत. खडा माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "पल्लवी, हे खडे इथंच होते?"

"हो आई."

"अन् विहारात? बाया संगं म्हणत होत्या ते?"

मी मान हलवली.

"म्हंजे माह्यं वाचन आयकून नाई," त्या म्हणाल्या. "मले सांभाळून घेऊन राह्यल्या होत्या." त्यांनी खडे एकेक करून अंगणात टाकले. रडल्या नाहीत. संघूला उचलून मांडीवर घेतलं, त्याच्या डोक्यावर नाक टेकवलं. "चाल मंग नागपूरले. दिवाळीची वाट कायले पाह्याची?"

अकोल्याहून गाडीनं नागपूर. आई, बाबा, विनोद आणि मी; संघू अंगावर पिणारा, म्हणून तोही. एमआरआय झाला आणि मॅडमनी आम्हा चौघांना आत बोलावलं. पडद्यावर आईंच्या डोक्याचं चित्र होतं. जिथून गाठ काढली होती त्या जागेच्या कडेला पांढरं काहीतरी उजळलेलं, आणि त्याभोवती सूज.

"दोन गोष्टी असू शकतात," मॅडम म्हणाल्या. "एक तर गाठ परत आली. किंवा तेव्हा आपण रेडिएशन दिलं, त्यानं जळालेला भाग आहे. तोही कधी कधी वर्षांनी असाच सुजतो. या फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून आणखी एक तपासणी करू, त्यात रक्त किती वाहतं ते कळतं. जिवंत गाठ रक्त ओढते. जळालेला भाग ओढत नाही."

आई पुढे वाकल्या. "म्हंजे मॅडम, वावरात हिरवं तण हाय का नुसतं जळेल धसकट, हे पाह्याचं."

"अगदी बरोबर."

"पाणी कोण पेते त्याच्यावरून समजते."

"हो," मॅडम हसल्या. मग त्यांनी बाबांना विचारलं, घरी आधी काही लक्षात आलं नाही का? डावीकडे कोणी बसलं तर त्या दुर्लक्ष करतात का?

बाबा खुर्चीत सरळ झाले. "मॅडम, मी तं लग्नापासून हिच्या डाव्या बाजूलेच बसतो. माह्यावर कवाच ध्यान गेलं नाई हिचं. ते बी गाठीनंच का?"

"नाही काका," मॅडम म्हणाल्या, "त्याच्यावर आमच्याकडे ऑपरेशन नाही."

आई इतक्या हसल्या की संघू दचकून रडायला लागला. त्या खोलीत आपण हसू असं मला वाटलं नव्हतं.

निकाल आला तो अर्धा-अर्धा होता. उजळलेल्या भागातलं बहुतेक सगळं जळालेलं धसकटच. पण कडेला, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी अशी एक गुठळी रक्त पीत होती. गाठ परत आली होती. मॅडमनी ते आडवळण न घेता सांगितलं. मग म्हणाल्या, "पण लहान आहे, कडेला आहे, हात पोचतो तिथे आहे. उशीर झाला नाही. सूज उतरवायच्या गोळ्या सुरू करू आणि पुन्हा ऑपरेशन करून गुठळी अन् जळालेलं, दोन्ही काढू. फक्त काढल्यावर तपासायला पाठवू, की जात तीच आहे का बदलली. बदलली असेल तर पुढचं औषध वेगळं लागेल."

बाहेर बाकावर विनोद माझ्याजवळ बसला. "जात बदलली असली तं?" त्यानं विचारलं. संघूनं त्याचं बोट पकडलं होतं, तो तेच पाहत राहिला.

गोळ्यांनी आईंना अशी भूक लागली की ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत त्या बाबांच्या ताटातलीही भाकर उचलायला लागल्या. डावीकडची. बाबांनी ते पाहिलं आणि मला डोळ्यानं खुणावलं. सूज उतरत होती. त्यानंतर बाबा आपली भाकर मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताशी सरकवून ठेवायचे आणि चोरीला जायची वाट पाहायचे.

ऑपरेशनच्या दिवसाचं फार सांगत नाही. दार बंद झालं, दार उघडलं, मधला वेळ मी संघूला पाजत, झोपवत, पुन्हा पाजत काढला. आई शुद्धीवर आल्या तेव्हा डोक्याला पांढरं मुंडासं बांधल्यासारखं होतं. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. मुद्दाम नाही, खाट तशीच लावलेली होती. त्यांनी मान वळवायच्या आधीच हात पुढे केला. "पोट्टं जेवलं काय?" म्हणाल्या.

"पिलं आई," मी म्हटलं, आणि मग मला जे रडू फुटलं ते विनोदनं येऊन आवरलं.

तपासणीचा निकाल यायला वेळ लागला. आला तेव्हा मॅडम स्वतः वॉर्डात आल्या. जात तीच. बदललेली नाही. सगळी निघाली आहे असं फोटोतही दिसतंय. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं, आणि पुढेही बघत राहायचं. "ही गाठ पुढे कधी येणारच नाही असं मी म्हणणार नाही, मावशी. पण आली तरी आपल्याला सापडेल, असं बघू."

"येऊ द्या," आई म्हणाल्या. "तणाचं निंदण काय एकदाच करतो आपण?"

घरी निघताना मॅडमनी वाचनाचं शिकवलं. पानाच्या डाव्या कडेला ठळक रंगाची पट्टी ठेवायची. प्रत्येक ओळीला आधी बोट पट्टीपर्यंत न्यायचं, पट्टी दिसली की मगच वाचायचं. आणि माझ्याकडे वळून बजावलं, "यांना मदत करू नका. शब्द देऊ नका, ताट फिरवू नका. यांचं लक्ष यांनाच डावीकडे न्यायचं आहे."

मॅडमनी लाल पट्टी सांगितली होती. आईंनी निळी घेतली. मेडशीला बसून रोज थोडं थोडं वाचायच्या. संघू मांडीवर, पट्टी त्याच्या तोंडात जाऊन ओली झालेली. कधी ओळ बरोबर सुरू व्हायची, कधी मधूनच. चुकलं की मी ओठ चावून बसायची. आईच थांबायच्या, बोट मागे न्यायच्या, म्हणायच्या, "हा पाह्य, लपून बसला होता."

मला विहारात जाऊन बायांना सांगायचं होतं. ते ऑपरेशनपेक्षा अवघड निघालं.

"एक बी शब्द द्याचा नाई?" रामीबाई म्हणाली. "ती अडकली तरी?"

"अडकल्या तरी."

"अन् चुकीचं वाचलं तं?"

"तरी नाही, मावशी."

"असं कसं वं? समोर माणूस खड्ड्यात चाललं अन् आमी गुमान पाह्याचं?" तिला ते पटलंच नाही. पण मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. आखाडापासूनच्या त्या गोड शब्दांनी काय झाकलं गेलं होतं, ते तिच्या मनाला लागलेलं होतंच. "बरं," ती म्हणाली. "मी तोंडात पदर कोंबून बसतो. तू काळजी नको करू."

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. विहारात खीर शिजत होती, पताका लावल्या होत्या. आईंनी डोक्याला पांढरा रुमाल बांधला. केस खुरटे उगवले होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्या विहारात ग्रंथासमोर बसल्या. एकच पान वाचायचं ठरलं होतं. बाबा त्यांच्या डावीकडे बसले. निळी पट्टी ठेवली.

पहिली ओळ पहिल्या शब्दापासून. दुसरीही. विहारात कोणी हललं नाही.

मग एका ओळीवर बोट मध्येच टेकलं. आईंनी दोन शब्द वाचले आणि थांबल्या.

कोणी बोललं नाही. सगळ्या बायांना तो शब्द माहीत होता. रामीबाईनं खरंच पदराचा बोळा तोंडाशी धरला होता, डोळे वटारलेले, मान पुढे. शब्द तिच्या गळ्यापर्यंत आलेला सगळ्यांना दिसत होता. बाबांनी मान खाली घातली. विनोदनं माझं मनगट धरलं.

आईंनी चष्मा सारखा केला. "इथी काही जमून नाई राह्यलं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. त्यांचं बोट हळूहळू मागे सरकायला लागलं, एका शब्दावरून, मग दुसऱ्यावरून, थेट निळ्या पट्टीला जाऊन लागलं. तिथे थांबलं. आणि त्यांनी तो शब्द वाचला. स्वच्छ, अंगणवाडीतल्या आवाजात. मग ओळ, मग पुढची, मग पान संपेपर्यंत.

"साधु, साधु, साधु" झालं, आणि त्या आवाजातच रामीबाईनं पदर फेकला. "अवं माय, मी तं गुदमरून मेली असती! पुढच्या बारीले मले दवाखान्यात न्या!"

सगळा विहार हसला. आईंनी ग्रंथ मिटला, रुमालात बांधला आणि रामीबाईकडे पाहून म्हणाल्या, "तोंड बंद ठेवलं ना, हेच तुह्यं दान. तुह्यासाठी याच्याहून मोठं दान नाई."

मग खिरीची पंगत बसली. मी आईंच्या शेजारी बसले, संघू मांडीवर. त्यांच्या पत्रावळीवर खीर, पुरी आणि डावीकडे वाटाण्याची उसळ होती. त्यांनी उजवीकडचं खायला घेतलं. माझा हात सवयीनं पुढे गेला आणि पत्रावळीच्या कडेला लागला.

आईंनी डाव्या हातानं माझ्या हातावर चापट मारली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दिसली मले उसळ. आवडत नाई म्हणून ठेवली."